युरोप सहलीच्या शेवटी चिंक्वे तेर्रेची डोंगरवाट: कोकणातल्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, चिपळूण, गुहागर, दापोली या भागातून इटलीला जाणारी ओळखीची मंडळी हल्ली फोन करून हेच प्रश्न विचारतात. रोम आणि फ्लॉरेन्सची माहिती कुठेही मिळते. पण समुद्राला लागून असलेल्या उभ्या डोंगरावरची ही जुनी पायवाट आपल्या माणसांनी कशी चालावी, हे सांगणारं फारसं कोणी नाही. म्हणून सगळी उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत.

ही वाट कुठे आहे? तिला ऐतिहासिक का म्हणायचं?

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, लिगुरिया प्रांतात ला स्पेत्सिया नावाचं बंदराचं शहर आहे. त्याच्या पश्चिमेला डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि त्या उतारावर पाच गावं आहेत: रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्निल्या, वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो. या पट्ट्याला चिंक्वे तेर्रे म्हणतात. १८७४ मध्ये इथून रेल्वे गेली. तोवर एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर होडी नाही तर खेचराच्या वाटा, एवढंच होतं. आज आपण चालतो त्या याच वाटा. द्राक्षं, मीठ, मासळी आणि वरच्या देवस्थानांचे यात्रेकरू, सगळ्यांची ये-जा यांवरूनच झाली.

१९९७ मध्ये युनेस्कोने या भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि १९९९ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. या उद्यानात जंगलापेक्षा शेती महत्त्वाची आहे. माणसांनी सुमारे हजार वर्षं डोंगर कोरून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या मळ्यांसाठीच हा दर्जा मिळाला आहे.

सहलीच्या शेवटीच का? सुरुवातीला नको का?

माझं मत ठाम आहे: शेवटीच. सहलीच्या दुसऱ्या दिवशी पाय मुरगळला तर पुढचे सगळे दिवस हॉटेलच्या खोलीत जातात. शेवटाला येईपर्यंत रोमच्या दगडी रस्त्यांवर चालून पायांना सवय झालेली असते, बूट मऊ पडलेले असतात आणि वेळेच्या फरकाचा त्रासही संपलेला असतो. शिवाय चर्च, संग्रहालयं, रांगा यांनी डोकं भरून गेलेलं असतं. त्यानंतर उघड्या डोंगरावर समुद्राचा वारा खात चालायला मिळालं की माणूस मोकळा होतो.

मात्र शेवटी म्हणजे विमानाच्या आदल्या दिवशी नव्हे. किमान दोन रात्री, जमल्यास तीन, हाताशी ठेवा. पाऊस झाला की वाटा बंद करतात. एकच दिवस असेल तर तो सगळा फलाटावर जाईल.

कोणत्या महिन्यात जावं?

तिथे चालायला चांगला काळ म्हणजे एप्रिल-मे किंवा सप्टेंबरपासून ऑक्टोबरचा पूर्वार्ध. आता आपल्याकडची अडचण बघा. ज्यांच्या बागा आहेत त्यांना एप्रिल-मे मध्ये घर सोडताच येत नाही. आंबा काढायचा, पेट्या भरायच्या, गाड्या लावायच्या. आणि गणपतीत कोकणातला माणूस परदेशी जाणार नाही, त्याला कोणी तसं सुचवूही नये.

म्हणून बागायतदारांना मी सांगतो, विसर्जन झालं की निघा. सप्टेंबरचा शेवट हा तिथला द्राक्षं काढण्याचा काळ. मळ्यांत माणसं दिसतात, वाटेच्या कडेला भरलेले क्रेट दिसतात, समुद्राचं पाणीही अजून कोमट असतं. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही नको होतात. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरमध्ये तिथे मोठे पाऊस लागतात, हे लक्षात घेऊन जा.

कुठून कुठे चालावं?

समुद्राच्या बाजूने पाचही गावं जोडणारी जी मुख्य वाट आहे तिला निळी वाट म्हणतात. तिचे चार तुकडे आहेत आणि चारही एकाच वेळी उघडे मिळतील असं धरून चालू नका. कोर्निल्या ते मानारोला हा खालचा तुकडा दरडीमुळे अनेक वर्षं बंद आहे.

सहलीच्या शेवटी पाय थकलेले असतात, म्हणून मी असं सुचवतो: पहाटेची गाडी धरून मोंतेरोस्सोला या आणि तिथून वेर्नात्साकडे निघा. अंतर जेमतेम साडेतीन किलोमीटर, पण दोन तास धरा. सुरुवातीलाच दगडी पायऱ्यांचा खडा चढ आहे आणि तो सकाळच्या गारव्यातच संपवलेला बरा. वर पोचलं की वाट मळ्यांच्या कडेकडेने जाते. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे की समोरून कोणी आलं तर एकाने डोंगराच्या बाजूला टेकून उभं राहायचं. गर्दीच्या काही दिवशी या तुकड्यावर मोंतेरोस्सोकडून वेर्नात्साकडे एवढीच एकेरी वाहतूक ठेवतात. तेही या दिशेच्या बाजूने पडतं.

वेर्नात्सा वरून दिसतं तो क्षण प्रत्येकाने थांबून बघावा. छोटं गोल बंदर, त्याच्या काठावर १३१८ सालापासून नोंद असलेलं सांता मार्गेरिताचं चर्च, खडकावरचा जुना बुरूज. खाली उतरून जेवा, तास-दोन तास बसा. दम असेल तर पुढे कोर्निल्यापर्यंत आणखी सुमारे चार किलोमीटर चाला. मध्ये प्रेवो नावाची वाडी लागते, ती दोनशेआठ मीटरवर आहे आणि निळ्या वाटेचा सर्वांत उंच भाग तोच. दम नसेल तर वेर्नात्साहून गाडीत बसा. त्यात कमीपणा काही नाही.

कोर्निल्या गाव समुद्रापासून शंभरेक मीटर उंच कड्यावर आहे. तिथून स्टेशनला उतरायला विटांच्या ३८२ पायऱ्या आहेत. उतरताना गुडघे बोलतात. गावातून स्टेशनपर्यंत छोटी बसही मिळते.

ज्यांना चालायची खरी सवय आहे त्यांच्यासाठी काही?

कोर्निल्याहून वर व्होलास्त्रा गावाला जाऊन मानारोलाला उतरा. सहा किलोमीटरच्या आसपास आहे, अडीच-तीन तास. चढ दमवणारा आहे, पण खऱ्या मळ्यांतून जाणारी वाट हीच. निळ्या वाटेवर माणसांची रांग असते, इथे बराच वेळ आपण आणि द्राक्षाचे वेल. माझ्या मते सगळ्या परिसरातलं सर्वांत सुंदर चालणं हेच आहे. प्रत्येक गावाच्या वरच्या अंगाला एक देवस्थान आहे, त्यातलं मानारोलाचं इथे व्होलास्त्रात आहे. पूर्वी गावकरी या चढाच्या वाटांनी दर्शनाला जात. आपल्याकडे वाडीतून वरच्या देवळाकडे जाणारी पाखाडी असते तसंच.

प्रेमाची वाट म्हणून फोटोत दिसते ती हीच का?

नाही. ती रिओमाज्जोरे ते मानारोला ही जेमतेम एक किलोमीटरची सपाट वाट आहे. २०१२ मध्ये दगड कोसळून तिथे पर्यटक जखमी झाले आणि ती बंद पडली. वर जाळ्या, खिळे, आधार यांचं मोठं काम होऊन २०२४ मध्ये ती पुन्हा उघडली. तिच्यासाठी वेगळं तिकीट आणि ठरलेली वेळ घ्यावी लागते. हौस असेल तर जरूर जा, पण तेवढंच करून "डोंगरवाट चाललो" असं समजू नका.

तिकीट लागतं का? पायवाटेला पैसे कशाला?

मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा आणि वेर्नात्सा ते कोर्निल्या या तुकड्यांसाठी उद्यानाचं कार्ड लागतं. एक प्रकार फक्त पायवाटांचा, दुसऱ्यात ला स्पेत्सिया ते पलीकडच्या टोकाच्या लेवांतो गावापर्यंतच्या लोकल गाड्याही येतात. दर हंगामाप्रमाणे आणि गर्दीप्रमाणे बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा. त्याच ठिकाणी कोणता तुकडा उघडा आहे तेही कळतं. व्होलास्त्राच्या वाटेला पैसे नाहीत.

आणि पैसे कशाला, याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

वाटेवर सगळीकडे आपल्यासारखे गडगे दिसतात. ते काय आहेत?

हा प्रश्न फक्त कोकणातला माणूस विचारतो, आणि मला तो सर्वांत आवडतो. फोटोत लोकांना रंगीत घरं दिसतात. आपल्याला दिसतात ते गडगे, म्हणजे दगडावर दगड रचून केलेल्या भिंती.

फरक असा की आपला गडगा बहुतेक वेळा हद्द दाखवतो किंवा गुरं अडवतो. तिथला गडगा डोंगराची माती धरून ठेवतो. वालुकाश्माचे दगड, ना चुना ना सिमेंट. भिंत किंचित मागे, डोंगराकडे कलती ठेवलेली. व्होलास्त्राच्या वाटेवर एका ठिकाणी पडलेला गडगा उभा करण्याचं काम चालू होतं, ते जवळून बघता आलं. एक वयस्क गृहस्थ दगड हातात घेऊन दोनदा फिरवायचे, त्याचा चेहरा ठरवायचे, बसवायचे आणि तळहाताने दाबून डुलतो का बघायचे. डुलला की मागून चपटी चीप सारायची. दर्शनी दगडांच्या मागे वीतभर पट्ट्यात मुठीएवढी खडी भरत होते. पावसाचं पाणी मातीतून त्या खडीत उतरतं आणि दगडांच्या फटींतून बाहेर निघून जातं. पाणी अडलं तर मागची माती फुगून भिंत ढकलते. म्हणून तिथे सिमेंटची भिंत घातली तर ती लवकर फुटते. असं कोरडं दगडकाम करण्याच्या कलेला २०१८ मध्ये इटलीसह आठ देशांच्या नावे युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

आता खरी गोष्ट. गडगा उभा राहतो तो वर कोणीतरी शेती करत असेल तोवरच. गेल्या शतकात तिथली तरुण मुलं ला स्पेत्सियाच्या आरमारी कारखान्यात, रेल्वेत, शहरांत नोकरीला गेली. मळे ओस पडले, रान माजलं. रानडुकरं येऊन मुळं उकरतात आणि दगड पाडतात. एक दगड गेला की चार पावसांत भोक पडतं, मग दहा फूट भिंत बसते, मग खालची वाट जाते. चाकरमान्यांच्या बंद घरांच्या मागे ढासळलेले बांध आणि रानडुकरांनी उकरलेली वरकस जमीन ज्याने बघितली आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून वाटेचे पैसे खळखळ न करता द्या. गडग्यावर फोटोसाठी चढू नका, त्यावर बसूही नका. वेलीवरचं द्राक्ष तोडू नका. मळ्यांतून एका रुळावरून चालणारी छोटी मोटरगाडी दिसेल, तिच्यातून क्रेट वर-खाली नेतात. मुलांना त्या रुळावर पाय ठेवू देऊ नका. आणि जमेल तर तिथल्या शेतकऱ्याचं काहीतरी विकत घ्या: लिंबाचा मुरंबा, ऑलिव्हचं तेल, मध.

पाऊस लागला तर?

हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर वाटा बंद करतात. बंद म्हणजे बंद. कठडा ओलांडून जाणारे पर्यटक दिसतील, त्यांच्या मागे जाऊ नका. २५ ऑक्टोबर २०११ ला काही तासांच्या पावसात वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो गाळाने भरून गेली, माणसं गेली. वेर्नात्साच्या मुख्य गल्लीत दुकानांच्या वरपर्यंत चिखल होता. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आणि तळियेची दरड आठवणाऱ्या माणसाला डोंगर आणि पाणी एकत्र आल्यावर काय होतं हे ठाऊक आहे. इशाऱ्याचा दिवस ला स्पेत्सियात काढा.

चप्पल किंवा सँडल चालेल का? आम्ही तर गडही चपलेत चढतो.

नाही. चपला घालून या वाटेवर येणाऱ्यांना दंड करण्याचा नियम उद्यानाने केला आहे, कारण घसरलेल्या माणसांना उचलून आणण्यात तिथली बचाव पथकं थकून गेली. मागे बंद, तळाला खाचा असलेले बूट हवेत. नवे घेतले असतील तर गावी आधी महिनाभर वापरा. गुळगुळीत तळाचे पांढरे फॅशनचे बूट दगडी पायऱ्यांवर चपलेइतकेच वाईट.

गावी तयारी कशी करावी?

चिपळूणकरांनी परशुरामाच्या पायऱ्या, देवरूख-संगमेश्वरकडच्यांनी मार्लेश्वर, अलिबागकरांनी कनकेश्वर. आठवड्यातून दोनदा, पाठीवर तीच पिशवी आणि पायांत तेच बूट घालून चढा-उतरा. चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त करा, कारण मांड्या भरून येतात त्या उतारावर. पावसाळ्यात शेवाळावरून हा सराव करू नका.

आई-बाबा सोबत आहेत, त्यांचे गुडघे दुखतात.

त्यांना पायवाटेवर ओढू नका. मानारोला आणि वेर्नात्सा गाडीने दाखवा, आणि समुद्र शांत असेल तर होडीने फिरवा. वसंतापासून शरदापर्यंत फेरीबोट चालते. ती कोर्निल्याला मात्र थांबत नाही, कारण तिथे बंदर नाही. पाण्यावरून बघितल्याशिवाय हा डोंगर किती उभा आहे ते कळत नाही, आणि आपली वडीलधारी माणसं होडीत रमतात. तुम्ही चाला, त्यांनी गाडीने पुढच्या गावी येऊन धक्क्यावर बसावं. भेटायची जागा मात्र आधी पक्की करा, कारण गाडी बोगद्यांतून जाते आणि फोन लागत नाही.

खायला काय मिळेल? आम्ही शाकाहारी आहोत. आणि आम्ही मासे खाणारे आहोत.

शाकाहारींसाठी फारिनाता बघा. बेसनासारखं चण्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, भट्टीत भाजलेलं. फोकाच्चा हा तेल लावलेला जाड पाव सगळीकडे मिळतो. तुळशीच्या जातीच्या पानांचा पेस्तो याच प्रांतातला, पण त्यात चीज असतं आणि त्या चीजसाठी दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. कडक पाळणाऱ्यांनी आधी विचारावं.

मासे खाणाऱ्यांनी मोंतेरोस्सोची अँचोव्ही चुकवू नये. ही आपल्या मांदेलीच्याच कुळातली मासळी. ताजी तळून देतात, लिंबात मुरवून देतात आणि मिठाच्या थरांत घालून टिकवतातही. खारवलेला मासा ज्याच्या घरी होतो त्याला ती चव परकी वाटणार नाही.

पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका. गावागावांत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, तिथे भरून घ्या. दोन गावांच्या मध्ये मात्र पाणी मिळेल असं धरू नका.

सामान कुठे ठेवायचं? मुक्काम कुठे करावा?

मोठ्या बॅगा घेऊन पाच गावांत राहायला जाऊ नका. गल्ल्या म्हणजे पायऱ्याच. ला स्पेत्सिया किंवा लेवांतोला उतरा, दोन्हीकडून गाडीने गावं मिनिटांच्या अंतरावर आहेत. चालायला जाताना पाठीवर पाणी, टोपी, सुकं खाणं आणि पातळ रेनकोट एवढंच.

गाड्यांचा संप लागतो म्हणतात, खरं का?

खरं आहे. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, त्यामुळे आठवडाभर आधी तारखा बघा. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत काही लोकल गाड्या चालवाव्याच लागतात. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारूनच चढा.

व्हिसा आणि विम्यात काही वेगळं बघायचं का?

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. पॉलिसीत डोंगरातली पायपीट वगळलेली नाही ना, ते वाचून घ्या. आणि तारखा शेवटच्या दिवसापर्यंत पुरतात का ते मोजा. अडचण आली तर तिथला आपत्कालीन फोन ११२.

परतीच्या विमानाआधी किती वेळ ठेवावा?

चालल्यानंतरचा एक पूर्ण दिवस मोकळा. मिलानला जायला ला स्पेत्सियाहून तीन-साडेतीन तास लागतात आणि त्यातली गाडी चुकली तर हाताशी वेळ हवा. मुंबईत उतरल्यावर त्याच रात्रीची कोकण रेल्वेची गाडी ठरवू नका. विमान उशिरा आलं की ते आरक्षण वाया, आणि हंगामात दुसरं मिळत नाही.

तिथल्या लिंबाचं कलम किंवा द्राक्षाची काडी आणता येईल का?

बागायतदारांपैकी जवळजवळ प्रत्येकजण हे विचारतो. नाही, आणू नका. परवाना आणि तिकडच्या सरकारचा रोगमुक्तीचा दाखला यांशिवाय रोपं, काड्या, बिया भारतात आणता येत नाहीत, २००३ च्या आदेशाने ते बांधलेलं आहे. मातीसुद्धा नको. बुटांच्या खाचांत अडकलेली माती निघायच्या आदल्या रात्री ब्रशने धुऊन काढा आणि बूट वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत भरा. तेलाच्या आणि मुरंब्याच्या बाटल्या चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध.